लव्हाळा लावावा की वेल?

आमच्या गावच्या विठ्ठलमंदिराच्या आवारात, उत्तरेच्या अंगास, पाय धुण्याचा नळ आहे. दर्शनास येणारी मंडळी तेथे पाय धुतात, टाळकरी तेथेच चूळ भरतात, आणि ते सगळे पाणी बाजूच्या कोपऱ्यात मुरत राहते. बाराही महिने चिखल. एकादशीच्या कीर्तनाला मागे बसणाऱ्यांना डास फोडून काढतात. या कोपऱ्याचे काही तरी करावे असे गेल्या माघात भजनी मंडळात निघाले. एवढ्याशा गोष्टीवरून जो वाद झाला तो वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते, कारण तो झाडांचा म्हणून सुरू झाला तरी झाडांपाशी थांबला नाही.

मंडळातला एक तरुण पखवाजी रोपवाटिकेत कामाला जातो. तो म्हणाला, "बुवा, तिथे छत्रीचा लव्हाळा लावू. पाण्यात पाय ठेवून उभा राहतो, दिसायलाही छान." आमचे पुजारी म्हणाले, "त्यापेक्षा भिंतीला मांडव करून जाईचा वेल सोडा. देवाला रोज ओंजळभर फुले तरी होतील. लव्हाळ्याचे काय वाहायचे?" यावर कोपऱ्यात बसलेले आबा एकदम उसळले. आबा म्हणजे साठ वर्षे शेती केलेला माणूस. ते म्हणाले, "अरे माउली, लव्हाळा खुरपता खुरपता जन्म गेला माझा. आता तोच देवाच्या दारी पैसे देऊन लावायचा?"

सगळे हसले. पण आबांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्यांचा लव्हाळा म्हणजे शेतातला, ज्याच्या मुळांशी काळ्या गाठी असतात तो. एका गाठीपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी, अशी जमिनीखाली माळच ओवलेली असते. वरून खुरपले तर गाठ पुन्हा फुटते. नांगर घातला तर माळ तुटते आणि एकाच्या जागी दहा कोंब उभे राहतात. १९७७ साली जगातल्या तणांवर जो मोठा ग्रंथ निघाला त्यात सर्वांत त्रासदायक तण म्हणून पहिला मान या लव्हाळ्यालाच मिळाला. आणि गंमत अशी की याच गाठी वाळवून काष्ठौषधीच्या दुकानात ठेवल्या की त्यांना नागरमोथा म्हणतात, वैद्य मुस्ता म्हणतात, आणि दिवाळीच्या पहाटे त्याच आपण उटण्यात घालून सुवासाने अंगाला लावतो. बांधावर शिवी आणि चौरंगावर मान, वस्तू एकच. माणसांच्याही बाबतीत आपण असेच वागतो, पण तो विषय वेगळा.

छत्रीचा लव्हाळा या शेतातल्या लव्हाळ्याचा भाऊबंद खरा, पण त्याला तसल्या गाठी नसतात. तो मूळचा आफ्रिका आणि मादागास्कर बेट यांकडचा. रोपवाटिकेत त्याला 'अंब्रेला पाम' म्हणतात, पण पामाशी त्याचे काही नाते नाही. तीन-चार फूट उंच सरळ हिरव्या काड्या, आणि प्रत्येक काडीच्या माथ्यावर छत्रीच्या तारांसारखी चहूकडे पसरलेली पाती. तो गठ्ठ्याने वाढतो, फार पसरला तर कडेचे फुटवे काढावे लागतात, एवढेच. फुले येतात ती तपकिरी, भुशासारखी. पुजाऱ्यांचे खरे होते, देवाला वाहावी अशी ती नव्हेत.

गवत आणि लव्हाळा यांत फरक काय, असे कोणी विचारले तर काडी चिमटीत धरून फिरवून पाहावी. गवताची काडी गोल, बहुधा पोकळ, आणि मध्ये मध्ये पेरे असलेली. लव्हाळ्याची काडी बहुधा तिधारी, आतून भरीव, आणि बुडापासून माथ्यापर्यंत एकही पेर नाही. पेर नाही म्हणून ती सबंध काडीच वाकते, कोठे एका जागी मोडत नाही. पाण्याच्या लोंढ्याला अडवायला तिच्याजवळ फांद्या नाहीत, पानांचा पसारा नाही. चंद्रभागेला पूर येतो तेव्हा पुंडलिकाच्या मंदिरात पाणी शिरते, वाळवंट दिसेनासे होते. आता तो पूर उजनी आणि वीर या धरणांतून सोडलेल्या पाण्याचा असतो, पण लव्हाळ्याला त्याचे काय? पाणी ओसरले की तो चिखलाने माखलेला, आडवा पडलेला दिसतो, आणि चार दिवसांनी पुन्हा उभा. तुकोबारायांनी महापुराच्या अभंगात हाच दाखला देऊन ठेवला आहे, आणि तो पाठ नाही असा वारकरी विरळा.

तेव्हा तरुणाने तुकोबांचे नाव घेतले आणि त्याचा पक्ष बळावला. पुजारी काही कमी नव्हेत. ते म्हणाले, "माउलींच्या दारी काय होते? मोगऱ्याचा वेलच ना?" मोगरा हा अर्धा झुडूप आणि अर्धा वेल. आपण छाटून छाटून त्याचे झुडूप करतो, मोकळा सोडला तर लांब लांब फाटे टाकतो. अशा रीतीने एकीकडे देहू आणि एकीकडे आळंदी असा सामना लागला. दोन्ही पालख्या पंढरीलाच जातात हे विसरून माणसे कशी भांडतात ते आम्ही त्या रात्री पाहिले. आम्हीही त्यांत होतोच.

आम्ही लव्हाळ्याच्या बाजूचे. आम्ही म्हणालो, "वेलाला आधार लागतो. मांडव नसेल तर तो जमिनीवर लोळतो. लव्हाळा आपल्या पायांवर उभा, कोणाकडे काही मागत नाही, आणि वर पुन्हा नम्र. वारकऱ्याने असे असावे." बोललो ते मोठ्या ठसक्यात. त्यावर तो पखवाजी पोरगा, जो आमच्याच पक्षाचा होता, हळूच म्हणाला, "बुवा, दिवे घाट आठवतो का?"

आम्ही गप्प झालो. आता जे सांगायचे ते आमच्या कमीपणाचे आहे, पण सांगितल्यावाचून पुढचा विचार नीट लागणार नाही.

चार वर्षांमागची आषाढी वारी. आमचा उजवा गुडघा त्या वर्षी दुखू लागला होता. हडपसर मागे टाकून दिवे घाट चढायला लागलो आणि निम्म्यावर पाय उचलेना. हा पोरगा जवळ आला, म्हणाला, "माउली, माझ्या खांद्यावर हात टाका." आम्ही काय केले? वाकून त्याच्या पायांवर हात ठेवला, त्याला नमस्कार केला, आणि म्हणालो, "नको बाळ, पांडुरंग चालवतोय." तो दोन पावले मागे राहिला. आम्ही पुन्हा चाललो, पुन्हा थांबलो. पुन्हा त्याने खांदा पुढे केला, पुन्हा आम्ही हात जोडले. तिसऱ्या वेळी तो जरा रागानेच म्हणाला, "बुवा, तुम्ही माझ्या पाया पडता, मग माझा खांदा का धरत नाही?"

त्याचे उत्तर आमच्याजवळ तेव्हा नव्हते. आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो. समोरून माउलींचा रथ घाट चढत होता. त्या चढाला रथाच्या बैलांना जोडीला जादा बैलजोड्या जुंपतात, हे वारीत गेलेल्या सर्वांस ठाऊक आहे. आम्ही ते वर्षानुवर्षे पाहिले होते, पण त्या दिवशी पाहिले ते निराळेच. ज्यांचा रथ, त्यांना चार बैल अधिक लावून घेण्यात काही उणेपणा वाटत नाही, आणि आम्हांला एका पोराचा खांदा जड झाला होता.

वाचकहो, आम्ही वारकरी एकमेकांच्या पाया पडतो. लहान-मोठा, जात-पात न पाहता पडतो. ही आपल्या संप्रदायाची फार मोठी कमाई आहे, आणि ती हलकी करण्याचा आमचा हेतू नाही. पण पाया पडणाऱ्याच्या मनात एक बारीक गोम राहू शकते. पाया पडतो तेव्हा देणारे आपण असतो. मान देतो, नमस्कार देतो, आणि ताठ उठून पुढे जातो. खांदा धरतो तेव्हा घेणारे आपण असतो. आपले वजन दुसऱ्यावर पडते, त्याला ते जाणवते, आणि आपल्यालाही जाणवते की त्याला जाणवते आहे. वाकणे आम्हांला येत होते. टेकणे येत नव्हते. आणि वाकता येते याचाच आम्हांला ताठा होता.

म्हणून वेलाकडे आम्ही जरा नीट पाहायचे ठरविले. डार्विन नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ आजारपणामुळे खोलीत अडकून पडला असता त्याने एका वेलाची कुंडी खोलीत ठेवून घेतली आणि रात्रंदिवस तिच्याकडे पाहत राहिला. (तो वेल हॉप नावाचा. त्याची फुले विलायतेत कशात घालतात ते वारकऱ्याने विचारू नये.) त्याला असे दिसले की वेलाचा कोवळा शेंडा हवेत सावकाश गोल फिरत असतो. उन्हाळ्याच्या दिवसांत दोन तासांच्या आसपास एक फेरा, आणि फेऱ्यामागून फेरा, आधार लागेपर्यंत. ते सगळे त्याने १८६५ साली लिहून प्रसिद्ध केले. झाडाला उजेडात डोके काढायचे तर जाड खोड बांधावे लागते, त्यात त्याचा फार मोठा ऐवज जातो. वेल ते खोड बांधीत नाही. दुसऱ्याच्या आधाराने थोडक्यात वर चढतो, आणि वाचलेले सगळे पानांत आणि फुलांत घालतो.

म्हणजे वेल आळशी नव्हे. तो शोधीत असतो. आंधळ्याने काठी फिरवावी तसा शेंडा फिरवतो, आणि हाताला लागले की घट्ट धरतो. आम्ही घाटात हाताला लागलेले सोडून देत होतो.

आणि घेतले त्याचे तो काय करतो, हेही पाहावे. जनाबाई नामदेवरायांच्या घरची दासी. तिचे स्वतःचे म्हणावे असे घर नाही, दार नाही. दुसऱ्याच्या उंबऱ्याच्या आधाराने तिने जन्म काढला, देवालाही जाते ओढायला बसविले असे आपण सांगतो, आणि तिचे अभंग आज घराघरांत आहेत. तिला कोणी परावलंबी म्हणेल का?

तरीही वेलाची बाजू निर्दोष आहे असे नव्हे. आमच्या शेजारी एका घरी मधुमालती आहे. संध्याकाळी पांढरी उमलणारी, मग गुलाबी आणि मग लाल होणारी तिची फुले गल्लीभर वास देतात. तिचे पान गळाले की देठाचा बुंधा तेवढा राहतो, कठीण होतो, आणि त्या आकड्याने ती वर चढते. घरच्यांनी ती शेवग्यावर सोडली. शेवग्याचे लाकूड ठिसूळ. तीन पावसाळे गेले, चौथ्या पावसाळ्यात ओल्या वेलाच्या भाराने शेवगा मधोमध मोडला आणि दोन्ही खाली आले. एका मिळवत्या मुलावर सगळे घर चढून बसते तेव्हा असेच होते, तो बिचारा मोडेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्याच्यावर टेकायचे त्याचा जीव किती, हे टेकणाऱ्याने पाहिले पाहिजे. आणि दरवर्षी छाटणी. जाईला तर छाटणीवाचून गत नाही, कारण तिची फुले नव्या फुटीवर येतात. जुना पसारा राखून ठेवला तर नुसती काटकी वाढते.

लव्हाळ्याचीही एक बाजू आम्ही त्या रात्री सांगितली नव्हती. वाकणारा प्रत्येक जण नम्र असतो का? सावकारापुढे वाकणारे, साहेबापुढे वाकणारे, आणि घरी आल्यावर बायकोमुलांवर डोळे वटारणारे आम्ही पाहिले आहेत. बाहेर लव्हाळा आणि घरात बाभूळ. भीतीने वाकणे ही नम्रता नव्हे, तो जीव वाचविण्याचा उपाय आहे. तो वाईट असे आम्ही म्हणत नाही, गरिबाला तो करावा लागतो. पण त्याला भक्ती म्हणू नये. लव्हाळ्याची खूण वाकण्यात अर्धीच आहे. उरलेली अर्धी मुळांत आहे. पुरात वरची काडी सगळी आडवी होते, पण मूळ आपली जागा सोडीत नाही. मूळ सोडले असते तर तोही झाडांबरोबर वाहत समुद्राला गेला असता, आणि त्याचे वाकणे कोणाच्या लक्षातही राहिले नसते.

आमच्या पिढीला याचा एक दाखला ठाऊक आहे. १९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरास उपोषणाला बसले, विठ्ठलाचे मंदिर हरिजनांस मोकळे व्हावे म्हणून. आधी त्यांनी सबंध महाराष्ट्र फिरून लोकांना हात जोडले होते. मनाने इतका हळवा माणूस, चटकन डोळ्यांत पाणी येणारा. कोणाला कठोर शब्द बोलण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. विरोध झाला, आणि सांगायला लाज वाटते, विरोध करणाऱ्यांत माळ घातलेलेही होते. गुरुजींनी आवाज चढविला नाही आणि जागा सोडली नाही. १ मे रोजी सुरू झालेले उपोषण १० मे रोजी सुटले, ते दार उघडण्याचे ठरल्यावर. चोखोबा ज्या दाराबाहेर राहिले ते दार. वाकणे म्हणजे काय आणि न हलणे म्हणजे काय, ही दोन्ही त्या दहा दिवसांत एकाच माणसात दिसली. अन्यायापुढे मान खाली घालून बसा, असे तुकोबांच्या लव्हाळ्यावरून जे कोणी सांगतात त्यांनी हे दहा दिवस डोळ्यांपुढे आणावेत.

मग आमच्या कोपऱ्याचे काय झाले? झाडे आपला निकाल आपणच देतात, आपण उगाच भांडतो. जाईला ऊन पाहिजे आणि पाण्याचा निचरा पाहिजे, मुळांशी पाणी साचले की ती कुजते. नळाच्या कोपऱ्यात तिला लावणे म्हणजे तिला मारणे. तेव्हा ती दक्षिणेच्या भिंतीशी, जेथे दिवसभर ऊन असते, आणि तिच्यासाठी बांबूचा मांडव. नळाशी लव्हाळा. चर खणून त्यात खडी भरायची, वर माती, म्हणजे पाणी उघडे साचणार नाही आणि डासांनाही जागा उरणार नाही. हा लव्हाळा ओल शोषतो, सांडपाण्यातला काही मळही खातो, पण म्हणून ते पाणी पिण्याजोगे होत नाही, हे त्या तरुणाने सर्वांना बजावून सांगितले. चांगले केले. आपल्याकडे एखाद्या झाडाला गुण आहे म्हटले की मंडळी लगेच तीर्थ म्हणून प्यायला लागतात.

रोपे विकत घेण्याचे कारणही पडले नाही. त्या मुलाने रोपवाटिकेतून, मालकाला विचारून, छत्रीच्या चार काड्या आणल्या. माथ्याखाली दोन बोटे काडी ठेवून बाकीची कापून टाकली. पाती अर्ध्यावर छाटली. मग पाण्याने भरलेल्या डब्यात ते माथे उलटे ठेवले, छत्री खाली आणि काडी वर. आम्हांला वाटले, चुकले याचे. आम्ही म्हणालो, "अरे, उलटे झाले." तो म्हणाला, "असेच ठेवायचे बुवा. याला मूळ इथून फुटते, डोक्यातून. डोके पाण्यात बुडाले की." आम्ही काही बोललो नाही. पंधरा-वीस दिवसांनी पाहतो तर खरेच, पात्यांच्या मधल्या गुंत्यातून पांढरी बारीक मुळे निघाली होती आणि दोन हिरवे कोंब वर तोंड करून आले होते. पायांवर डोके ठेवण्याचा संस्कार आम्ही साठ वर्षे केला, पण डोक्यातून मूळ फुटते हे प्रथमच पाहिले.

जाई आधीच लागली आहे. तिचा एक शेंडा मांडवाच्या बांबूपासून वीतभर दूर हवेत हलत असे. आम्ही त्याला दोऱ्याने बांधायला निघालो तर पुजारी म्हणाले, "राहू द्या, तिचे तिला कळते." दुसऱ्या सकाळी तो बांबूला टेकला होता.

लव्हाळ्याचे चार माथे मात्र अजून डब्यातच आहेत. चर खणून झाला आहे, खडी पडली आहे, पण माती येईपर्यंत ज्येष्ठ उजाडला, आणि वद्य अष्टमीला माउलींचे प्रस्थान. आम्ही निघणार, पोरगाही निघणार, पुजारी देवळात गुंतलेले. डब्यातले पाणी बदलायला आणि माती आली की रोपे लावायला कोणी तरी पाहिजे. या वर्षी आबा वारीला येत नाहीत, त्यांना दम लागतो. काल संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. नुसता निरोप धाडला असता तरी चालले असते, पण गेलो. म्हणालो, "आबा, एक काम आहे, तुमच्यावाचून होणार नाही." त्यांनी डब्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले.

"लव्हाळ्याला पाणी घालायचं होय? मी?" ते म्हणाले. मग डबा हातात घेतला, आत डोकावून एक मूळ बोटाने हलवून पाहिले, आणि सुनेला हाक मारून डबा सावलीत ठेवायला सांगितला. आम्ही उठताना गुडघा पुन्हा अडला. आबांनी हात पुढे केला, आणि आम्ही तो धरला.